मागच्या पानाचं कुलूप

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुम्ही इतकी वर्षं संगणक सुरक्षेचं काम केलंत, तर हॅकर पकडल्याचा एखादा थरारक अनुभव लिहा." मी हो म्हणालो आणि अडकलो. कारण एवढ्या वर्षांत मी समोरासमोर असा एकच हॅकर पकडला. त्याचं वय बहात्तर होतं, अंगात बंडी आणि लेंगा होता, आणि पकडल्यावर त्यानं मला आत बोलावून आधी चहा पाजला, मग मीच सुरक्षित ठरवलेल्या साइटमधल्या चुका वहीत बघून वाचून दाखवल्या. या सगळ्यात खरा गुन्हेगार कोण होता, हे पुढं येईलच. संपादकांनी छापलं तर वाचा.

माझा धंदा माझ्या घरच्यांनाही अजून नीट कळलेला नाही. बेळगावात अनगोळला आमच्या गल्लीत मला 'वायफायवाले अण्णा' म्हणतात. बायको पाहुण्यांना सांगते, "ह्यांचं ते कॉम्प्युटरचं काहीतरी असतंय." खानापूरकडच्या आमच्या गावी मी एकदा आईला समजावून सांगायला गेलो. म्हटलं, लोक मला बोलावतात, त्यांच्या यंत्रात चोराला कुठून शिरता येईल ते मी शोधतो आणि लिहून देतो. ती म्हणाली, "आरं, दुसऱ्याच्या दाराच्या कड्या हालवून बघायला पैसं देत्यात व्हय तुला? आनि सापडलास तर?" आईचा प्रश्न अगदी बरोबर होता. चोर आणि मी यांच्यात फरक असतो तो एका कागदाचा. मालकाची लेखी परवानगी खिशात असल्याशिवाय मी कुठल्याही कडीला हात लावत नाही.

या कामाचे ढोबळ मानानं दोन भाग. एक वायफाय. वायर भिंतीतून जाते, ती डोळ्यांना दिसते. वायफाय भिंत ओलांडून रस्त्यावर जातं आणि रस्त्यावर कोण बसलंय ते त्याला कळत नाही. म्हणून तिथं दार नीट लावून घ्यावं लागतं. दुसरा भाग साइटचा. साइट मुद्दामच सगळ्या जगासाठी उघडी ठेवलेली असते, तेव्हा तिथं दार लावून भागत नाही. आत आलेल्या माणसाला कुठवर जाऊ द्यायचं हा तिथला प्रश्न असतो. काही साइटी इतक्या भोळ्या असतात, की नावाच्या रकान्यात तुम्ही नावाऐवजी यंत्राच्या भाषेत 'सगळ्यांची यादी दाखव' असं लिहिलंत, तर त्या खरंच यादी काढून हातात देतात. मी असल्या बऱ्याच भोळ्या साइटींना शहाणं केलं आहे. हे सांगताना माझी छाती थोडी फुगते, म्हणून निपाणीची गोष्ट सांगायलाच हवी. तिथं ती बसली.

निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारींच्या मागच्या रस्त्याला एका माडीवर वधू-वर सूचक मंडळ आहे. चालवतात सुमनबाई. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाल्या. निम्मं निपाणी त्यांच्या हातचा मार खाल्लेलं असल्यामुळं आजही पन्नाशीचे गृहस्थ त्यांना बघून हातातली सिगारेट पाठीमागं नेतात. त्यांच्याकडं स्थळं येतात ती चारी बाजूंनी. मुलगी खानापूरची, मुलगा चिकोडीचा, मध्ये बोलणारी मावशी कोल्हापूरची. बायोडेटा मराठीत, शाळेचा दाखला कन्नडमध्ये, आणि भांडण झालंच तर दोन्ही भाषांत.

बाईंच्या जोडीला गंगाक्का. साठी ओलांडलेल्या, चिकोडीजवळच्या खेड्यातून रोज बसनं येणाऱ्या. मंडळाच्या लोखंडी कपाटाची किल्ली यांच्या पदराला. मला त्यांनी पहिल्याच दिवशी एकेरीवर घेतलं, आणि का कोण जाणे, मला ते बरं वाटलं.

त्या कपाटात काय होतं ते सांगतो, कारण सगळं त्यावरच फिरतं. या मंडळाची एक जुनी रीत आहे. प्रत्येक बायोडेटाला दोन पानं. पुढचं पान सगळ्यांसाठी: उंची, शिक्षण, नोकरी, मामाचं गाव. मागचं पान घरच्यांनी बाईंना विश्वासानं सांगितलेलं खरं खरं: आधी एक साखरपुडा मोडलाय, वडील पितात, मुलाला एका कानानं कमी ऐकू येतं. लपवायचं काहीच नाही, पण ते सांगायची वेळ ठरलेली. दोन्ही घरं एकमेकांना पसंत पडली, की दुसऱ्या बैठकीला गंगाक्का कपाट उघडणार, मागचं पान काढणार, आई-वडिलांच्या हातात देणार, त्यांनी वाचलं की परत घेणार आणि कुलूप लावणार. त्या माडीवर जुळलेल्या सोयरिकी बाईंच्या हुशारीवर जुळल्या असतील, पण टिकल्या त्या मागच्या पानावर, असं स्वतः बाईच म्हणतात.

मला बोलावलं होतं वायफायसाठी. जिना चढून गेलो तर मुलाकडचे सहा पाहुणे बसलेले. आक्कांनी सगळ्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि ट्रे घेऊन परत फिरताना मोठ्यानं म्हणाल्या, "वायफाय लावून घ्या पाव्हणं. शुभमंगल, इंग्रजीत, सगळं जोडून, म्होरं एक दोन तीन."

मी कपाळावर हात मारला. पाहुणे गेल्यावर म्हणालो, "आक्का, पासवर्ड असा वाटायचा नसतो."

"मग काय करायचं? पाव्हणं दोन-दोन तास बसत्यात. इचारल्यावर न्हाय म्हणू? पोरगी दावायच्या आदीच सोयरीक मोडंल की रं."

रस्त्यापलीकडं मारुतीचा चहाचा गाडा आहे. तिथं जाऊन बसलो तर बाकड्यावरचे चौघेजण बाईंच्या वायफायवर क्रिकेट बघत होते. मारुतीनं मलाही पासवर्ड सांगितला, वर शिफारस केली, "बाईंच्याकडचं लई फास्ट हाय, साहेब." ज्या वायफायवर मारुतीचं गिऱ्हाईक क्रिकेट बघत होतं, त्याच वायफायवर मंडळाचा संगणक होता. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे राउटर. राउटरला दोन पासवर्ड असतात हे बहुतेकांच्या गावीही नसतं. एक वायफायला जोडण्याचा. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. हा दुसरा कारखान्यातून येतो तसाच राहून जातो, आणि कारखान्यातून काय येतो हे त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. मारुतीच्या बाकड्यावर बसल्याबसल्या मी तो टाकला आणि बाईंच्या राउटरचा मालक झालो. परवानगीचा कागद खिशात होता, तरी इकडंतिकडं बघितलंच.

आता पाहुण्याला वायफाय नाही म्हणायचं नाही आणि कागदपत्रं तर जपायची, हे कसं जमवायचं? मी तांत्रिक भाषेत बाईंना समजावत होतो, तेवढ्यात आक्का पानाला चुना लावता लावता म्हणाल्या, "एवढं काय त्यात? आमच्यात पाव्हण्याला सोप्यात बसवत्यात. माजघरात कोण घेतंय?"

संपलं. मी पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय केलं, घराच्या पुढच्या खोलीवरून त्याचं नाव ठेवलं 'सोपा'. पासवर्ड वाटा, मारुतीला द्या, क्रिकेट बघा. मंडळाचा संगणक दुसऱ्या वायफायवर, त्याचा पासवर्ड लांबलचक आणि तो फक्त बाईंकडं. सोप्यातून माजघरात जायला दारच ठेवलं नाही. राउटरचा दुसरा पासवर्ड बदलला. पुढं बेळगावात तरुण इंजिनिअरांना शिकवताना मी हे सोपा-माजघर किती वेळा वापरलं असेल सांगता येत नाही. एकदाही आक्कांचं नाव घेतलं नाही, हे इथं कबूल करतो.

मग राहिली साइट. बाईंचा पुण्याचा भाचा दिवाळीला आला होता, त्यानं सुटीत मावशीला साइट करून दिली होती. तोवर पाच वाजले होते आणि बेळगावची बस साडेपाचला होती. मी साइट उघडली, वरच्या पट्टीत कुलपाचं चित्र दिसलं, म्हणालो, "कुलूप आहे. चांगलंय."

त्या कुलपाचा अर्थ एवढाच असतो, की तुमच्या फोनपासून साइटपर्यंतचं बोलणं वाटेत कुणाला ऐकू येत नाही. पाकीट बंद आहे, एवढंच. ते उघडणारा माणूस कसा आहे याबद्दल कुलूप काही सांगत नाही. हे मला पाठ होतं. दुसऱ्यांना शिकवतही होतो. पण बस साडेपाचला होती. भाच्यानं साइटवर काय काय चढवलंय हे मी विचारलंसुद्धा नाही. कागदावर लिहिलं, 'वायफाय व संकेतस्थळ तपासले. सर्व सुरक्षित.' खाली सही केली, शिक्का मारला. गणिताच्या बाई त्या, उत्तराखाली दोन रेघा ओढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी माझं प्रमाणपत्र फ्रेम करून कपाटाच्या बरोबर वर टांगलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते बघून मी खूश झालो होतो.

दोन वर्षांनी बाईंचा फोन आला. बाईंचा आवाज बसलेला मी पहिल्यांदा ऐकला. "अण्णा, आक्का किल्ली ठेवून गेली."

झालं होतं असं. खानापूरकडची एक मुलगी, शिकलेली, नोकरी करणारी. तिच्या मागच्या पानावर एकच ओळ होती: वडिलांना तिनं आपली एक किडनी दिली आहे. तब्येत ठणठणीत आहे. बेळगावात कॅम्प भागातल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं, पहिली बैठक झाली, दोघं एकमेकांना आवडली. दुसऱ्या बैठकीला मुलीच्या वडिलांसमोर ते पान आक्का दाखवणार होत्या. ती बैठक झालीच नाही. मुलाकडून निरोप आला: किडनीचं कळलंय, आम्हाला जमणार नाही. कुणाकडून कळलं असं विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या मंडळाकडूनच कळलं." चार दिवसांत ती गोष्ट नात्यागोत्यात फिरली, त्यात भर पडत पडत मुलगी अंथरुणाला खिळलेली आहे इथवर पोचली.

मुलीचे वडील माडीवर आले. ज्या माणसाच्या पोटात लेकीची किडनी आहे, त्याच्यामुळं लेकीचं लग्न मोडलं, असा त्यांचा हिशेब. तो राग कुठंतरी काढायलाच हवा होता. ते म्हणाले, ही गोष्ट आम्ही फक्त बाईंना आणि या आक्कांना सांगितली होती. बाई म्हणाल्या, साइटवरही असेल, बघायला हवं. तेव्हा वडिलांनी भिंतीवर माझ्या प्रमाणपत्राकडं बोट केलं. "मिशीन चोख हाय म्हणून हितं लिवलंय न्हवं? सहीशिक्क्यानं? मग ऱ्हायलं कोण?"

आक्कांनी पदराची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली आणि बस धरून घरी गेल्या. नवरा लवकर गेलेली बाई, पोरंबाळं नाहीत, जमीन दिरांकडं. आक्कांच्या गाठीला होतं ते एकच: हिला सांगितलेलं बाहेर जात नाही, हे नाव. ते माझ्या सहीनं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी निपाणीला पोचलो तेव्हा मात्र मला अजून स्वतःचा संशय नव्हता. माझी खात्री होती, घोळ वायफायचाच आहे. कुणीतरी माजघरात शिरलंय. निम्मा दिवस राउटर उलटासुलटा करून बघितला. सगळं मी ठेवलं होतं तसंच होतं. मग मारुतीला फिरवून फिरवून विचारलं. तो भडकला. "साहेब, मी चा इकतो, सोयरिकी मोडत न्हाय." त्या दिवशी त्यानं माझ्याकडून चहाचे पैसे घेतले, एरवी घेत नसे.

दुपारी मी आक्कांच्या गावी गेलो. अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी विचारलं, "आक्का, ते पान कुणाकुणाला दाखवलं होतंत?"

त्यांनी वर बघितलं. "तू बी मलाच इचारतोस व्हय?"

"तसं नाही. तुमची रीत सांगा. कसं दाखवता?"

त्यांनी फोडलेली शेंग सुपात टाकली. मग म्हणाल्या, "कोन मागतंय ते बघती. कुनाचं मागतंय ते बघती. दोन घरांचं जुळतंय का ते बघती. मग त्येवढंच पान काढती, शेजारचं न्हाय. दारात आला म्हणून सगळं कपाट त्येचं व्हतंय काय?"

परतीच्या बसमध्ये ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. चिकोडी मागं पडायच्या आत मी बाईंना फोन केला, साइट उघडून ठेवा म्हणालो.

माडीवर पोचल्यावर बाईंकडून नवीन परवानगी लिहून घेतली, साइटवर दोन खोटी स्थळं तयार केली, दुसऱ्याचं लॉगिन करून आत शिरलो. वरच्या पट्टीत साइटचा पत्ता होता आणि पत्त्याच्या शेवटी त्या स्थळाचा क्रमांक. मी क्रमांकातला शेवटचा आकडा बदलून एकानं कमी केला आणि बटण दाबलं. पहिल्या खोट्या स्थळाचं पान उघडलं. आणखी एक कमी केला. खऱ्या माणसाचं पान उघडलं, फोटोसकट. खाली सरकवलं तर सुबक अक्षरात शीर्षक होतं, 'मागचं पान'. भाच्यानं कामात कसूर ठेवली नव्हती, कपाटातलं सगळं, नंतर आलेलंसुद्धा, टाइप करून चढवलं होतं. आणि वर कुलपाचं चित्र जागच्या जागी होतं.

वाचकांसाठी सोपं करून सांगतो. साइट दारात विचारत होती, तुम्ही कोण? लॉगिन, पासवर्ड, सगळं चोख. एकदा आत आलं, की मग पुन्हा कुणी विचारत नव्हतं, हे पान तुमचं आहे का? साइटींत सापडणाऱ्या चुकांमध्ये ही सगळ्यांत साधी चूक. शोधायला ना हुशारी लागते ना यंत्रं, पत्त्यातला एक आकडा बदलून बघायचा. माझ्याच वह्यांत तपासणीच्या यादीत ती पहिल्या पानावर आहे. चौथी शिकलेल्या आक्का जे काम रोज आपसूक करत होत्या, ते त्या साइटला येत नव्हतं, आणि दोन वर्षांपूर्वी साडेपाचच्या बससाठी मी ते तपासलं नव्हतं.

मला लाज वाटली. गृहपाठ न करता बाईंच्या समोर उभं राहिल्यावर वाटते तशी. बाईंनी फक्त चष्मा काढून पुसला, आणि छडीपेक्षा ते जास्त लागलं.

साइट कुणी कधी काय उघडलं याची नोंद ठेवत असते. भाच्यानं ती पाठवली. एकाच खात्यावरून रोज दुपारी, दोन ते चार, पानं उघडली होती. एक, दोन, तीन, चार, अशी ओळीनं. रविवारी सुटी. मला वाटलं, कुठला चोर असा जेवून उठून, वेळापत्रक लावून चोरी करतो? खातं कॅम्पातल्या त्याच मुलाच्या नावावर होतं.

घराचं दार उघडलं मुलाच्या थोरल्या चुलत्यांनी. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. मी मंडळाच्या साइटबद्दल बोलायला आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "या, या! मी तुमचीच वाट बघत होतो. दोनशे सोळाचं मागचं पान कोरं आहे, दुरुस्त करा. आणि एकशे सातची जन्मतारीख चुकलीय, धाकट्या बहिणीपेक्षा तो लहान दिसतोय." चहा सांगून त्यांनी एक वही काढली. पहिल्यापासून सगळ्या साइटचं शुद्धिपत्र तयार होतं.

"आप्पा, ही पानं तुम्ही उघडलीत कशी?"

"वर नंबर होता की. आमच्या पोराचा दोनशे चौदा. म्हटलं शेजारी कोण आहे बघावं. मग वाटलं, पुस्तक मधूनच कशाला वाचायचं? एकपासून सुरू केलं."

"दुसऱ्याची पानं आहेत ती."

"असतील. पण तुम्ही आत सोडलंत, पान समोर ठेवलंत, मी वाचलं. यात माझं काय चुकलं?" याचं उत्तर मी अजून शोधतोय.

किडनीचं त्यांनीच घरात सांगितलं होतं. मंडळाच्या साइटवरच होतं, म्हणून मंडळानंच कळवलं असं म्हणाले होते, आणि त्यांच्या मनात त्यात काही वावगं नव्हतं. मी आक्कांचं सांगितलं तेव्हा त्यांचा कप तसाच हातात राहिला. "त्या आक्कांनी सांगितलं म्हणतात? अहो, त्यांनी तर मला दोनदा परत पाठवलंय. मी मागचं पान मागितलं, तर म्हणाल्या, तुमी पोराचं चुलतं, आई-बाप न्हवं. बैठकीला या. म्हणून तर मी साइट उघडली." ही ओळ मी त्यांच्याच वहीत त्यांच्याकडून लिहून घेतली. नंतर आप्पा म्हणाले, "मी येतो निपाणीला. मीच सांगतो." आणि वही बंद करून ती माझ्या हातात दिली.

आक्कांना आणायला बाई स्वतः गेल्या. मीही होतो, पण बाईंनी मला बसस्टॉपवर थांबवलं. दोघी तासाभरानं आल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

माडीवर मुलीचे वडील आले होते, आप्पा आले होते. मी उभं राहून सांगितलं. साइट मी तपासलीच नव्हती. तपासली असं लिहिलं. या कागदावर विसंबून तुम्ही ज्यांच्यावर आळ घेतलात, त्यांनी कपाटातलं एक अक्षर बाहेर जाऊ दिलेलं नाही. आप्पांनीही हात जोडून आपलं सांगितलं. मुलीचे वडील खाली मान घालून ऐकत होते. मग ते उठून आक्कांच्या समोर गेले आणि डोक्यावरची टोपी काढली.

आक्का म्हणाल्या, "बसा. पोरीचा जीव पोटात घिऊन हिंडतायसा, तिच्यासाठी राग यायचाच. म्या न्हाय धरला मनात." त्यावर ते रडले. आम्ही सगळे खिडकीतून मारुतीच्या गाड्याकडं बघत राहिलो.

मग आक्कांनी भिंतीवरच्या फ्रेमकडं मान वळवली. "अण्णा, त्या कागदाला मागचं पान हाय का रं?"

मी फ्रेम उतरवली, पाठीमागचे खिळे काढले, कागद बाहेर घेतला. मागं कोरा होता. आक्कांनी बाईंच्या टेबलावरचं पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं: 'वायफाय तपासले होते. संकेतस्थळ तपासले नव्हते, बस चुकेल म्हणून. तरीही सुरक्षित आहे असे लिहिले. गंगाक्कांचा यात काहीही दोष नाही.' खाली सही केली, शिक्का मारला.

साइट आता दुरुस्त आहे. आत गेलेल्या माणसाला ती प्रत्येक पानाला विचारते, हे तुझं आहे का? मागची पानं मात्र आम्ही साइटवरून कायमची काढून टाकली. ती पुन्हा कपाटात गेली. काही गोष्टींची सगळ्यांत चांगली सुरक्षा म्हणजे त्या साइटवर नसणं, हे सांगायला मला माझं अख्खं करिअर लागलं. तेव्हापासून मी देत असलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राला मागचं पान असतं: काय काय तपासलेलं नाही, त्याची यादी. गिऱ्हाइकांना ते आवडत नाही. म्हणतात, पैसे तपासायचे घेता आणि न तपासलेलं लिहून देता? त्या मुलीचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. ते तिचं मागचं पान आहे, मी सांगणार नाही.

त्या दिवशी मी लिहिलेला कागद आक्कांनी डोळ्यांजवळ धरून, ओठ हलवत, सगळा वाचला. बाईंनी किल्ली त्यांच्यापुढं केली आणि म्हणाल्या, "ठेव आत." आक्कांनी किल्ली घेतली, पदराला गाठ मारली, पण कपाट उघडलं नाही. कागद उलटा करून फ्रेममध्ये घातला आणि माझ्या हातात दिला. "ह्ये आत न्हाय. ह्ये भितीला लाव."

खिळा मीच ठोकला. अजून तो तिथंच आहे. पाहुण्यांना 'सोपा'चा पासवर्ड सांगताना आक्का आधी त्यांना तो वाचायला लावतात असं मारुती सांगतो. एवढी वर्षं सगळ्यांची मागची पानं कुलपात ठेवणाऱ्या त्या बाईनं एकच मागचं पान भिंतीला टांगलंय, आणि ते माझं आहे.